धावड्याच्या डोंगरातल्या दोन हाका

दिवाळी आमच्या घरी होत नव्हती, पण दिवाळीची सुट्टी आम्ही पुरेपूर वसूल करायचो. माझे वडील बदनापूरजवळच्या एका शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. शाळेला कुलूप लागलं की दुसऱ्या दिवशी पहाटे आई धपाट्यांचं गाठोडं बांधायची, नाना धाकटीला खांद्यावर घ्यायचे आणि आम्ही चौघं धावड्याला मावशीकडे निघायचो. जालन्यापर्यंत आगगाडी, तिथून भोकरदनची एस.टी., मग धावड्याची. शेवटच्या गाडीत माणसांपेक्षा कोंबड्या ऐसपैस बसलेल्या असत.

लोक हवा खायला महाबळेश्वरला जातात असं आमच्या पुस्तकात होतं. आमचं महाबळेश्वर धावड्याला होतं आणि तिथं राहायला मावशीचं घर होतं. जाताना तिच्यासाठी आईची एखादी वापरलेली पण धड साडी आणि गुळाची ढेप न्यायची, येताना पोतंभर सीताफळं आणायची. डोंगरावरच्या सीताफळांना कुणी मालक नव्हता. ज्याचे पाय धड, त्याची फळं. दुष्काळाची दोन वर्षं आम्ही गेलो नव्हतो. पाऊस बरा झाला त्या वर्षी पुन्हा निघालो, तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

मावशीचे डोंगरातले कायदे पक्के होते. डोंगरात कुणाला हाक मारायची नाही. आणि आपल्याला कुणी मारलीच, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. ऐकलेल्या हाकेबद्दल गावाची शीव ओलांडेपर्यंत बोलायचंही नाही.

"त्यो आपल्याच मानसाचा आवाज काढतो," मावशी सांगायची. "पन दोनदाच. तिसऱ्यांदा त्याला जमत न्हाई. वळखायचं ते तिथं."

तो म्हणजे चकवा. माणसाला वाट चुकवून फिरवत ठेवणारा.

नाना खो-खो हसायचे. "त्याचा पत्ता दे मला. कार्ड टाकतो, म्हणावं पोरींना तरास देऊ नको."

छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर नानांनी घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला नेऊन सोडले होते. आईने टोपली स्वतः उचलून दिली होती, असं ती अभिमानाने सांगायची. पण चकवा काही देवांत मोडत नव्हता. त्यामुळे तो टोपलीत बसला नाही, आईच्या मनात राहून गेला. नानांसमोर ती मावशीला हसायची आणि डोंगराच्या पायथ्याशी आलो की माझ्या कानात म्हणायची, "तिसरीला, बरं का." मी नानांची लाडकी होते, पण भीतीच्या बाबतीत आईची लेक होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही डोंगरावर चढलो. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, की ते फळ तोडायचं. मुठीएवढी हिरवी फळं तोडून काही उपयोग नसतो, ती पिकत नाहीत, काळी पडतात. मला हे चांगलं जमायचं म्हणून मला एकटीला डोंगराच्या एका कडेला सोडलं होतं. कडेच्या खाली दरा होता, डोंगराच्या पोटातली घळ. खूप खोल नव्हता, पण झाडीने भरलेला. मोठी फळं दऱ्यात असतात म्हणून नाना आकडीची काठी घेऊन तिथं उतरले. दऱ्याच्या तोंडाशी ओढा होता, तिथं आई फळं निवडत बसली होती. मावशी धाकटीला घेऊन पलीकडच्या उतारावर गेली होती.

ऊन डोक्यावर आलं होतं. मी एका फांदीला हात घातला होता, तेवढ्यात खालून हाक आली. नानांच्या आवाजात, माझ्या नावाने.

माझा हात तसाच फांदीवर राहिला. ओ माझ्या तोंडात आली होती. मी ती गिळली.

मग दुसरी हाक आली.

मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. तिसरी आली की पळत खाली जायचं, असं ठरवून मी वाट पाहत राहिले. एक पाखरू उडालं. तिसरी आली नाही. बराच वेळ गेला, तरी आली नाही.

आणि मला काय वाटलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मला आनंद झाला. चकव्याने हाक मारली आणि मी फसले नाही! एवढी मोठी झाले मी! मी पुन्हा फळं तोडायला लागले. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त तोडली.

दुपार कलल्यावर आम्ही सगळ्या ओढ्यापाशी जमलो. नाना नव्हते. पण त्यात नवल काही नव्हतं. दऱ्याच्या खालच्या अंगाने एक वाट परस्पर गावात उतरायची आणि नाना बऱ्याचदा तिनेच जायचे. आम्ही वाट धरली. मी पोटातली गोष्ट दाबून चालत होते. शिवेचा दगड ओलांडला आणि मी मावशीचा हात ओढला.

"मावशी, मला दोन हाका आल्त्या. नानांच्या आवाजात. म्या ओ दिली न्हाई!"

मला वाटलं, ती शाबासकी देईल. मावशीने डोक्यावरचं पोतं खाली टाकलं. सीताफळं वाटेवर घरंगळली, ती कुणी उचलली नाहीत. "आन् तिसरी?" एवढंच तिने विचारलं. मी मान हलवली, तशी ती घराकडे पळत सुटली. नाना घरी नव्हते.

गावातले चौघं दऱ्यात उतरले. दिवस मावळायच्या आत त्यांना नाना सापडले. दगडावरून पाय घसरून खाली आदळले होते, डोक्याला मागून मार होता. श्वास चालू होता. बैलगाडीत घालून भोकरदनला नेलं, पण वाटेतच सगळं आटोपलं. तिथला डॉक्टर भला माणूस होता, त्याने आईला फक्त विचारलं, "दुपारीच का नाही आणलं?" तो बिचारा सहज बोलून गेला. मी आईचा पदर धरून शेजारी उभी होते.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मावशीने तर मला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा सांगितलं, "त्यो चकवाच व्हता, माय. तुझा बाप पडला तसा बेसुद झाला असंल. त्यो कशाला हाक मारतो?" मी ते घट्ट धरून ठेवलं.

पुढे मी शिकले. नानांसारखीच शाळेत लागले आणि मुलांना विज्ञान शिकवलं. भूत, भानामती, अंगात येणं यांवर मी इतकी तडतडून बोलायचे की गावात मला भांडखोर बाई म्हणत. सगळं खोटं, असं फळ्यावर ठसठशीत लिहायचे. आणि घरी येऊन मला एक चकवा खरा हवा असायचा. फक्त एक, धावड्याचा, त्या दुपारपुरता. कारण तो खरा असेल, तर मी बापाला मारलेलं नव्हतं. तोही जमला नाही, तर मग भास तरी असू दे. मी एकटीनेच तर ऐकलं होतं! अकरा वर्षांच्या पोरीच्या कानांवर कुणी विश्वास ठेवावा? या एका गोष्टीवर मी वीस वर्षं झोप काढली. कुणी मागून नावाने हाक मारली की मात्र आजही माझा पाय जागीच थांबतो.

आई थकल्यावर माझ्याकडेच राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. कशावरून तरी धावड्याचा विषय निघाला आणि मी नेहमीचं वाक्य बोलले, की मला भास झाला असणार.

आई सुपातले खडे वेचत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "म्या बी ऐकल्या. ओढ्यापशी. दोनी बी."

मला आधी कळलंच नाही.

"तुझ्या नावानं मारून राह्यले व्हते. मला वाटलं, त्यो हाय. म्या तिसरीची वाट पाहिली."

मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, वीस वर्षं मी एकटी जळत राहिले आणि तू गप्प बसलीस? आई होतीस का कोण होतीस?

तिने सगळं ऐकून घेतलं. "तू एकलीनं ऐकलं, तर त्यो भास व्हता," ती म्हणाली. "म्या बी ऐकलं म्हनले असते, तर मंग त्यो तुझा बापच झाला असता. कसं सांगू?"

माझा चकवा गेला आणि भासही गेला. दऱ्यात नाना पडलेले होते, मला बोलावत होते आणि वर एक, खाली एक अशा आम्ही दोघी तोंड दाबून थांबलो होतो.

आईने सूप बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत तिला हे विचारायला कुणीच मिळालं नव्हतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "तू जवळ व्हतीस. आवाज कसा व्हता गं? लई दुखत व्हतं का त्यायला?"

"न्हाई माय," मी म्हणाले. "बिलकुल न्हाई. रोजच्यावानी बराबर आवाज व्हता."

दुसरी हाक पहिलीपेक्षा फार बारीक होती. ती तिनेही ऐकली होती.