आक्का बोलत राहिल्या

बत्तीस वर्षं मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. दर वर्षी मन आणि शरीर हा धडा यायचा. मन शरीरापासून वेगळं आहे, की ते मेंदूचंच एक काम? मरता मरता वाचलेली माणसं स्वतःचं शरीर वरून पाहिल्याचं सांगतात, ते कितपत मानायचं? मुलं विचारायची, "मॅडम, तुमचं मत काय?" मी म्हणायची, "दोन्ही बाजू लिहा, मार्क मिळतील." हसून तास संपायचा. माझं मत काय आहे हे मलाही माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको कोळवणला राहायला आलो. जमीन ज्यांच्याकडून घेतली त्या आक्का शेजारीच राहतात. साठी ओलांडलीय, नवरा जाऊन काही वर्षं झालीत, उरलेली भातशेती अजून स्वतः बघतात. मला त्या 'बाई' म्हणतात.

त्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊची वेळ होती. भाताची झोडणी उरकली होती आणि आक्कांच्या अंगणात पेंढ्याची गंजी रचलेली होती. आंब्याच्या रोपांच्या बुडाशी घालायला मला थोडा पेंढा हवा होता. मी गंजीत हात घातला आणि मनगटाला काहीतरी जोरात टोचलं. हात मागे घेतला तर पेंढ्यातून नाग बाहेर आला, क्षणभर फणा काढून थांबला आणि कुंपणाकडे निघून गेला.

माझी हाक ऐकून आक्का धावत आल्या. मी हात दाखवला.

"नाग व्हता? नक्की?"

"नक्की."

"बसा खाली. हात हालवू नगा." त्यांनी एक काठी हाताला लावून फडक्यानं सैल बांधली आणि रस्त्यावर जाऊन पौडला निघालेली भरलेली जीप आडव्या उभ्या राहून थांबवली. आतली माणसं एका शब्दावर उतरली. कोणीतरी आधी देवळात नेऊ म्हणालं. आक्का म्हणाल्या, "देव काय पळून जात न्हाई. आदी पौड."

जीपमध्ये मला एकाच्या दोन आक्का दिसायला लागल्या. मग पापण्या जड झाल्या आणि मिटल्या, पुन्हा उघडता येईनात. थुंकी गिळता येईना. "मला दिसत नाहीये" असं म्हणायला गेले, तर तोंडातून नुसता आवाज निघाला.

माझे मिस्टर सातबाऱ्याच्या कामासाठी पौडला तहसील कचेरीत गेले होते. जीपमधून कोणीतरी त्यांना फोन केला होता; आम्ही दवाखान्यात पोचलो तेवढ्यात तेही आले. तोवर माझा हात, पाय, मान, काहीच माझं ऐकत नव्हतं. श्वास अर्ध्यात अडकत होता. एका तरुण डॉक्टरबाईंनी भराभर सूचना दिल्या. सापाच्या विषावरची लस सुरू झाली, घशात नळी गेली, कोणीतरी फुगा दाबून श्वास द्यायला लागलं. माझी पापणी उचलून टॉर्च मारला गेला. बोट जोरात चिमटलं गेलं. ते दुखलं, पण मी हलू शकले नाही.

"गेली का?" हा मिस्टरांचा आवाज.

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, मी आहे.

"नाही, नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विषानं स्नायू बंद पडलेत. हृदय चालू आहे. श्वास आपण देत राहू, विष उतरलं की उठतील. पुण्याला हलवू लगेच."

"त्यास्नी ऐकू येतंय का?" आक्कांनी विचारलं.

"येत असेल. बोलत राहा."

आणि आक्का बोलायला लागल्या. रुग्णवाहिकेत माझ्या कानाशी बसून त्या पुण्यापर्यंत बोलत होत्या. "बाई, ऐकताय न्हवं? काळी शेळी काल याली, दोन पिल्लं हायेत. एक पांढरं हाय, लई वांड. तुमच्या आंब्यास्नी पेंढा म्या घालते, काळजी करू नगा. आता भूगाव आलं. हितं ट्राफिक लागलाय बगा, रोजचंच हाय." सायरन वाजत होता आणि त्यावर आवाज चढवून त्या मला सुनेबरोबरची भांडणं सांगत होत्या.

मध्येच कधीतरी मी वर गेले. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी रुग्णवाहिकेच्या छताजवळ होते आणि खाली मीच पडलेली दिसत होते. शेजारी आक्का होत्या, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर. त्यांच्या पलीकडे मिस्टर, मांडीवर कागदांची फाइल. माझ्या पायात निळ्या चपला होत्या. भीती नव्हती, श्वासाची धडपड नव्हती. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही पाहिलं नसेल. पुढे किती वेळ गेला ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं बोट हललं. संध्याकाळी पापण्या उघडल्या. त्याच्या पुढच्या सकाळी नळी निघाली, आणि नर्सनं चमच्यानं दिलेलं पाणी मी गिळलं. ते घशातून खाली उतरताना मला कळत होतं. मी हसले आणि मिस्टर रडायला लागले.

मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मला कोणी काही सांगू नका म्हटलं, वही मागितली आणि जे ऐकलं, जे पाहिलं ते सगळं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून काढलं. घरी आल्यावर ते मिस्टरांना आणि आक्कांना वाचून दाखवलं. ऐकलेलं सगळं बरोबर निघालं. शेळी, भूगाव, डॉक्टरबाईंचं वाक्य, 'गेली का?' हेसुद्धा. त्यावर मिस्टर मान खाली घालून बसले.

पाहिलेलं मात्र चुकीचं होतं. आक्का त्या दिवशी तपकिरी लुगड्यात होत्या आणि वरून मुलाचा स्वेटर घातलेला होता. मिस्टर मागे नव्हतेच, ते पुढे चालकाशेजारी बसले होते. फाइल तहसील कचेरीतच राहिली होती. आणि चपला गंजीजवळ पडलेल्या.

"म्हणजे तू वर गेली नव्हतीस," मिस्टर म्हणाले.

"नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. पण इतकं हलकं वाटलं! मी कुठेच गेले नव्हते. मुडद्यासारख्या पडलेल्या त्या देहातच होते, आणि त्यानं बिचाऱ्यानं कान तेवढे माझ्यासाठी चालू ठेवले होते. राहिलेलं चित्र मेंदूनं अंदाजानं रंगवलं असणार. कॉलेजातल्या एका जुन्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "चुकीचं दिसलं म्हणून पाहणारा नव्हता असं कसं होईल? पाहिलं कोणी मग?" बत्तीस वर्षांत हा प्रश्न मीच कितीदा फळ्यावर लिहिला असेल. म्हटलं, "माहीत नाही गं. पण जी कोणी होती, ती आता भात खातेय."

आठवड्याभरानं आक्का वाल सोलायला माझ्याकडे घेऊन आल्या. ताट पुढ्यात घेऊन सोलायला लागल्या. मग म्हणाल्या, "बाई, एक इच्यारू? आमचे मालक गेले तवा चार दिस असंच पडून व्हते. डोक्यात रगत साकळलं व्हतं. समदी म्हनली, ह्यांना काय कळत न्हाई. म्या गप ऱ्हायले. येक शबुद बोलले न्हाई. त्यांना ऐकू येत असंल का?"

आता कळलं त्या इतक्या का बोलत होत्या ते. इथे दोन्ही बाजू सांगून चालणार नव्हतं, आणि खोटंही बोलवेना.

"त्यांचा आजार वेगळा होता, आक्का. मला नाही सांगता येणार. पण माझं सांगते. पुण्यात दवाखान्याच्या त्या काचेच्या खोलीत हे दिवसभर माझ्याजवळ होते, तोंडातून एक शब्द नाही. नुसता हात माझ्या तळपायावर. मला कळत होतं, हेच आहेत. बोलले नाहीत म्हणून एकटं नाही वाटलं मला."

आक्कांचे हात थांबले.

"म्या पाय दाबत व्हते त्यांचं," त्या म्हणाल्या. "चारी दिस."

"मग झालं तर."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, एक लांब श्वास सोडला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "घ्या, सोला. हात मोकळा हुतोय का बगू तुमचा."