राणीचा उजवा हात

म्हैसूरच्या अग्रहारातल्या शामसुंदररावांकडे मुकी झालेली वस्तू दिली की ती बोलायला लागते, असं लोक म्हणायचे. वाडवडील कापडं रंगवणारे, त्यावर ठसे मारणारे. शामसुंदरराव मात्र चाळीस वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत बसले. पुढं रेडिओही गेले. दुकान बंद करून ते घरी आले, पण रिकामं बसणं काही त्यांना जमेना. घरातला मिक्सर बरा असला तरी उघडून बघायचे.

"अहो, चालतोय की तो," अनुसूयाबाई म्हणायच्या.

"चालतोय तोवरच बघावं. बंद पडल्यावर सगळेच बघतात."

"मग मला पण उघडून बघा एकदा. गुडघा अजून चालतोय."

लेक मेघाश्री विजयनगर भागात एका कंपनीत होती. वडिलांचं हे बघून तिनं त्यांच्या वाढदिवसाला एक खोका आणला. आत तळहाताएवढी निळी पाटी होती, आर्डुइनो म्हणतात ती. सोबत वायरी, छोट्या मोटरी आणि समोर कुणी आलं की ओळखणारा दोन डोळ्यांचा सेन्सर.

"अप्पा, याला सांगाल तसं हे वागतं. मिक्सरला सोडा आता."

महिन्याभरात शामसुंदरराव फोनवर बघून बघून शिकले. दारात पाऊल पडलं की दिवा लागायचा, मांजर आलं की घंटा वाजायची. मांजर यायचंच बंद झालं. अनुसूयाबाई हसायच्या, "चला, दुधाची काळजी मिटली."

अनुसूयाबाईंचं मन होतं ते बाहुल्यांत. दसऱ्याला त्या सात पायऱ्या मांडायच्या. खालच्या पायरीवर पोट सुटलेला शेट्टी वाणी, त्याच्या पुढ्यात डाळ-तांदळाचं दुकान. सगळ्यांत वर पट्टद गोंबे, म्हणजे राजा-राणीची जोडी. म्हैसूरकडं नवरीला माहेरून ही जोडी देतात. अनुसूयाबाईंची जोडी रक्तचंदनाची, त्यांच्या आईची, गोदावरीबाईंची. त्यांना ती त्यांच्या आईकडून आलेली. दर वर्षी अनुसूयाबाई जोडीला नवे कपडे शिवायच्या आणि नऊ दिवस हळदीकुंकू लावून पुजायच्या. आता कार्तिकात मेघाश्रीचं लग्न ठरलं होतं, आणि जोडी तिच्या ओटीत जायची होती.

पूर्वी दसऱ्यात संध्याकाळ झाली की गल्लीतली पोरं दारोदार ओरडत फिरायची, "गोंबे कूर्सिदीरा?" बाहुल्या बसवल्यात का? होय म्हटलं की घोळका आत. बाहुल्या बघायच्या आणि हातावर बागिना, म्हणजे लाडू नाहीतर खोबऱ्याची वडी, घेऊन पुढच्या घरी पळायचं. अलीकडं पोरं येईनाशी झाली. गेल्या दसऱ्याला लाडवांचं ताट भरलेलं राहिलं. शेवटी अनुसूयाबाईंनी ते गाईपुढं ठेवलं आणि पदरानं नाक पुसत आत गेल्या. शामसुंदररावांनी ते पाहिलं होतं.

म्हणून या वर्षी त्यांनी ठरवलं, राणीनंच बागिना द्यायचा. पोरानं पायरीपुढं हात धरला की राणीनं उजवा हात उचलायचा आणि खालच्या फटीतून एक लाडू गडगडत तळहातावर यायचा. बेसनाचे लाडू तुपानं फटीमागच्या पन्हळीला चिकटले. रव्याचे फुटले. शेंगदाणा-गुळाचे बरोबर घरंगळले.

"लिंबाएवढे वळ. सगळे सारखे पाहिजेत," ते म्हणाले.

"लाडू आहेत का बॉल बेअरिंग?" असं म्हणत अनुसूयाबाईंनी वळून दिले. काहीतरी चाललंय, एवढं त्यांना कळत होतं.

अडलं ते राणीपाशी. तिचे हात अंगाला चिकटून कोरलेले. पुठ्ठ्याचा हात करून वरून बांधून पाहिला, तर तो राणीचा वाटेना, बुजगावण्याचा वाटायचा. विचारावं का अनुसूयेला? विचारलं तर ती नाहीच म्हणणार. शिवाय, उघडलेली वस्तू परत बंद करता येते, याच भरवशावर शामसुंदररावांनी जन्म काढला होता. दसरा झाला की आत खुंटी घालून हात पुन्हा बसवायचा, वरून लाख फिरवायची, कुणाला कळणारही नाही.

अमावास्येच्या दुपारी जोडीला कपडे नेसवून अनुसूयाबाई देवळात गेल्या. शामसुंदररावांनी राणीचा पदर अलगद सोडला आणि बारीक करवतीनं उजवा हात खांद्यातून कापला. भुसा लाल पडला, कुंकवासारखा. त्यांनी तो फुंकून टाकला. हातात स्क्रू बसवला, खांद्यात मोटर, वर पुन्हा पदर. अनुसूयाबाई परत आल्यावर म्हणाले, "तू स्टुलावर चढू नको या वर्षी. वर मीच ठेवतो." गुडघ्याची आठवण ठेवली म्हणून अनुसूयाबाईंना बरं वाटलं.

पहिल्या माळेला पूजा झाली. शामसुंदररावांनी बायकोला पुढं बोलावलं. "हात धर."

त्यांनी धरला. राणीचा हात वर गेला आणि लाडू तळहातावर आला. अनुसूयाबाई आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "अय्यो! अम्मा असती तर काय म्हणाली असती!" मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "हात कसा हो हलतो?"

"खोटा आहे. वरून बांधलाय," शामसुंदरराव म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी क्वचितच खोटं बोलले असतील. हे इतकं सहज निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरांची रीघ लागली. पार नजरबाद भागातून रिक्षा करून लोक आले. काही पोरं रांगेत दोनदा उभी राहायची, अनुसूयाबाई त्यांना ओळखून कान पिळायच्या आणि तरी लाडू घेऊ द्यायच्या. नको म्हटलं तरी रोज सकाळी गुडघा धरत धरत स्टुलावर चढून त्या राणीला कुंकू लावायच्या. पदर नीट करायला हात गेला की शामसुंदरराव घाईनं म्हणायचे, "वायर आहे, वायर आहे." त्या हात मागं घ्यायच्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाल्यावर बाहुल्यांना निजवायचं असतं. वरची जोडी आडवी करायची, मग बाकीच्या गुंडाळायच्या. शामसुंदरराव दारात पाहुण्यांना निरोप देत होते. परत आले तर अनुसूयाबाई राणीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पदर सुटला होता. एका हातात राणीचा हात होता, खांद्यातून वायर लोंबत होती.

"खोटा म्हणालात," त्या म्हणाल्या.

"बसवतो मी परत. खुंटी घालून. कळणार पण नाही."

"नऊ दिवस मी भंगलेली मूर्ती पुजली हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेघाश्री फोनवर म्हणाली, "अम्मा, चिकटवून दे की. मला चालेल." अनुसूयाबाई म्हणाल्या, "तुला चालेल ग. देवाला कसं चालेल?" त्यांनी राजाला आणि राणीला एकाच फडक्यात बांधलं. फडकं सासऱ्यांच्या हातच्या ठशांचं होतं.

"राजा तर धड आहे," शामसुंदरराव म्हणाले.

"एकट्याला ठेवून काय करू? जोडी आहे ती."

भंगलेली मूर्ती नदीत सोडायची, म्हणून नवराबायको बसनं श्रीरंगपट्टणला, कावेरीच्या पश्चिमवाहिनी घाटावर गेले. घाटाच्या पायरीवर शामसुंदररावांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. नदीत लोखंड जाऊ नये म्हणून राणीच्या हातातला स्क्रू आणि खांद्यातली मोटर त्यांनी काढली. भोक उघडं राहिलं. मग अनुसूयाबाईंनी दोघांना पाण्यात सोडलं. रक्तचंदनाचं जड लाकूड ते, लगेच बुडालं. हात तेवढा फडक्याच्या सुटलेल्या टोकात अडकून थोडा वेळ वर राहिला.

परतीच्या बसमध्ये शामसुंदररावांना राहवेना. "विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस ना?"

अनुसूयाबाई खिडकीतून उसाची शेतं बघत होत्या. "राणीला नाहीच म्हटलं असतं. शेट्टी दिला असता. तो बसलाच आहे की दुकान मांडून. लाडू देणं त्याचं काम, राणीचं कुठलं?"

शामसुंदररावांना हे सुचलंच नव्हतं. महिनाभर शेट्टी त्यांच्यासमोर कपाटात बसला होता, आणि त्याचे हात चिकणमातीचे, तारेवर बसवलेले, आधीपासूनच हलते होते.

कार्तिकात मेघाश्रीचं लग्न झालं. दुकानातून आणलेली नवी जोडी तिच्या ओटीत घातली. रंग चकचकीत होता. अनुसूयाबाईंनी ती पदराआड धरून दिली, नीट बघितली नाही.

पुढच्या दसऱ्याआधी एका सकाळी शामसुंदररावांच्या टेबलावर शेट्टी ठेवलेला होता. आत अनुसूयाबाई शेंगदाणे भाजत होत्या. त्यांनी शेट्टीला पुसलं, हाताला नुसता दोरा बांधला, एकही भोक पाडलं नाही. यंत्र उत्तम चाललं. पोरं आली, लाडू गडगडले. वरची पायरी मात्र रिकामी होती. तिथं अनुसूयाबाईंनी फक्त कलश ठेवला होता.

गेल्या वर्षी दोनदा रांगेत घुसलेली एक पोर वर बघत म्हणाली, "अज्जी, राजा-राणी एल्लि?" कुठं आहेत?

"ऊरिगे होगिदारे," अनुसूयाबाई म्हणाल्या. गावाला गेलेत.

"कधी येणार?"

अनुसूयाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. शामसुंदरराव पायऱ्यांच्या मागं वाकून पन्हळीत लाडू भरत होते. पन्हळ भरली, तरी बराच वेळ ते तिथून उठले नाहीत.