आक्का बसमध्ये चढली

शिवारफेरीच्या पहिल्या दिवशी आमच्या शेतावर कुणीच आलं नाही.

तसं म्हणायला एक माणूस आला. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा होता, त्याला पाटापलीकडच्या मळ्यात जायचं होतं आणि आम्ही वाटेवर चुन्यानं काढलेले बाण बघून तो चुकून आमच्याकडं वळला होता. आक्कानं त्यालाच घोंगड्यावर बसवलं, पोटभर हुरडा खायला घातला, वर पिशवीत बांधूनही दिला. तो बिचारा जाताना दोनदा वळून बघत गेला.

आमची वस्ती कवठेमहांकाळच्या पुढं, जिथं सांगली जिल्हा हिरवा असल्याचं कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, तिथं. आता पाटाचं पाणी आलंय, थोडं डाळिंब लावलंय, पण मूळचं आमचं घर मेंढरांचं. मी सांगली शहरात, विश्रामबागेत वाढले. माझ्या वडिलांनी तरुणपणीच मेंढरं सोडून सरकारी नोकरी धरली होती, त्यामुळं लग्न होऊन इथं येईपर्यंत मी मेंढराला हातसुद्धा लावला नव्हता. सगळं शिकवलं ते आक्कानं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सुरुवातीला मी तिला अहोजाहो करायचे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "तू मला आवं म्हणलीस की पावनी आल्यागत वाटतंय. अगं म्हण." तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना अगंतुगं करतो.

शिवारफेरीची कल्पना आसपासच्या काही गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून काढली होती. शनिवार-रविवार शेतं उघडी ठेवायची, शहरातल्या लोकांनी यायचं, हिंडायचं, आणि ज्याचं शेत त्यानंच ते दाखवायचं. विश्रामबागेतून दोन्ही दिवस एक बस निघणार होती. आधी हळदीचं रान, मग तासगावकडची द्राक्षबाग, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. बैठकीत माझ्या नवऱ्यानं आमचं नाव दिलं तेव्हा एका बागायतदारानं सहज विचारलं होतं, "तुमच्याकडं बघायला काय हाय?" घरी आल्यावर मी ते आक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा खाली उतरवत म्हणाली, "बघायला काय हाय म्हंजे? मी हाय की!"

आम्ही तयारी मात्र जोरात केली. अंगण सारवलं. घोंगडी उन्हात घालून झटकली. शाळूचा एक चांगला वाफा हुरड्यासाठी राखला आणि थोरल्या दिरांनी गोफण घेऊन त्याची पाखरं हाकलली. बोलायचं काम माझ्याकडं होतं, कारण घरात सगळ्यांचं मत असं की मी 'शुद्ध' बोलते. मी माहिती पाठ केली होती. आमची मेंढरं कोणत्या जातीची, लोकर कधी कातरतात, पूर्वी पावसाळा संपला की कळप घेऊन किती लांब जायचे, असं सगळं. गोठ्यात शेण काढताना मी ते मोठ्यानं म्हणायचे आणि म्हशी माझ्याकडं बघत राहायच्या.

आणि शनिवारी बस आलीच नाही. द्राक्षबागेत लोक रमले, उशीर झाला, तिथूनच परत गेले.

रविवारी पुन्हा सगळं मांडलं. कालचा हुरडा वाया गेला होता, आज नवीन कणसं काढली. गरम गरम प्यायचं हुलग्याचं माडगं चुलीवर ठेवलं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, धुतलेला फेटा बांधला आणि लिंबाखाली बाजेवर ताठ बसले. ते मुळात कमी बोलतात. त्या दिवशी तर त्यांनी चहाही हातानंच नको म्हणून सांगितला.

उन्हं कलायला लागली तेव्हा माझा फोन वाजला. बसबरोबर आलेले संयोजक होते. "ताई, माफ करा. आजही बागेत वेळ गेला. लोक दमलेत. आम्ही तुमच्या फाट्यावर चहाला थांबलोय, पण इथूनच परत फिरतो. पुढच्या वेळी नक्की येऊ."

मी "बरं" म्हणाले. आणि फोन ठेवला. नवऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. थोरल्या दिरांनी काही न विचारता फावडं घेतलं आणि हुरडा भाजायला केलेल्या आगटीतल्या शेणींच्या विस्तवावर राख ओढायला लागले. मामा बाजेवरून उठले आणि माळावर मेंढरांकडं निघून गेले.

तेवढ्यात आक्का वाड्यातून बाहेर आली. म्हणजे मेंढरांच्या वाड्यातून. तिच्या पदरात एक कोकरू होतं, चारच दिवसांचं. एका मेंढीला जुळं झालं होतं आणि ती एकालाच पाजत होती, म्हणून दुसऱ्याला आक्का बाटलीनं दूध पाजायची.

"काय म्हणली ती माणसं?"

"फाट्यावर आहेत. तिथूनच परत फिरतायत."

"फाट्यावर हायत म्हंजे अजून गेली न्हाईत," आक्का म्हणाली. "गाडी काढ."

"आक्का, ते निघाले असतील आता."

"तू काढ तर."

मी स्कूटी काढली. ती मागं एका बाजूला पाय सोडून बसली, कोकरू मांडीवर, बाटली हातात. मी म्हटलं, "अगं, ते तरी ठेव घरी." तर म्हणाली, "अर्धं दूध राह्यलंय त्येचं. तू म्होरं बघ." टेकडीच्या कडेनं जाणारी आमची ती वाट म्हणजे नुसते दगड. मी गाडी सांभाळत होते आणि मागं आक्का कोकराला पाजत होती.

फाट्यावर पोचलो तेव्हा बसचं इंजिन चालू झालेलं. शेवटची दोन-तीन माणसं चहाचे कप टाकून चढत होती. मी घाईत ब्रेक दाबला तो नेमका बसच्या समोर. चालकानं जोरात हॉर्न वाजवला. मी गाडी बाजूला घेईपर्यंत आक्का उतरून बसच्या दारात पोचली होती, आणि मी तिच्या मागं पोचेपर्यंत ती वर चढली होती.

मी पायरीवरच उभी राहिले. पाठ केलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं, पण आक्का माझ्यासाठी थांबली नाही. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा आवाज माळावर हाका मारून कमावलेला. बसमध्ये तो मागच्या काचेपर्यंत गेला.

"राम राम मंडळी! त्या टेकडीच्या मागं आमचं घर हाय. काल दिसभर तुमची वाट बघितली, आज बी सकाळधरनं बघतोय. तुमच्यासाटनं हुरडा राखलाय. माडगं चुलीवर हाय. तुमी दमलाय म्हणं. मग दमल्यालं माणूस बसमधी बसतंय व्हय? आमच्या लिंबाखाली बसा की! घटकाभर बसा, आन् मग जावा."

संयोजक उठून उभे राहिले. "मावशी, खरंच वेळ झालाय हो. आम्ही ठरवलंय..."

"दादा, मी तुमाला न्हाई इचारत," आक्का शांतपणे म्हणाली. "ह्यास्नी इचारते."

कुणी हसलं. आणि त्याच वेळी पदरातलं कोकरू ओरडलं. सगळ्या माना वर झाल्या. मागून एक लहान मुलगी बाकावर उभी राहून किंचाळली, "आई, बकरी!"

"बकरी न्हाई गं बाय, कोकरू," आक्का म्हणाली. तेवढ्यात पदर सुटला म्हणून तिनं ते कोकरू समोर पहिल्या सीटवर बसलेल्या बाईंच्या मांडीवर ठेवलं. "जरा धरा वं."

त्या बाई साठीच्या पुढच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला साखळी. दिवसभरात त्यांच्या साडीला एक सुरकुती पडली नसावी. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्या अंग चोरून बसल्या. कोकरानं मान वर केली, त्यांचं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला लागलं.

त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ह्याला भूक लागलीय."

"लागलीयच की. निम्म्या वाटंत दूध संपलं. बाकीचं घरी हाय."

बाईंनी चष्मा नीट केला. दुसऱ्या हातानं पर्स खांद्याला लावली. आणि कोकरू छातीशी धरून उभ्या राहिल्या. "मी उतरते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ज्यांना यायचंय त्यांनी या. ज्यांना नाही त्यांनी इथं बसून घड्याळ बघा."

त्या उतरल्या. मागोमाग ती लहान मुलगी आणि तिचे आईवडील. मग कॉलेजातली पोरं, मग दोन मैत्रिणी, मग एकाला बघून दुसरा. चालक म्हणाला, "गाडी आत जायची न्हाई हां, रस्ता न्हाई." आक्का म्हणाली, "गाडी ऱ्हाऊ दे. तुमी या." तोही दार लावून आला. सगळ्यात शेवटी संयोजक उतरले, कपाळाला हात लावून, पण हसत.

मी नवऱ्याला फोन लावला. "पेटवा! आगटी परत पेटवा!"

"कशाला?"

"माणसं येतायत."

"किती?"

"सगळी!"

ती वाट मी रोज जाते-येते, पण तिच्यावर तशी माणसं मी कधी बघितली नव्हती. पुढं आक्का, तिच्या शेजारी कोकरू घेतलेल्या बाई, आणि मागं टेकडीच्या वळणापर्यंत लांबलेली रांग. रंगीत टोप्या, ओढण्या, कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या खांद्यावर पोर. गुडघे दुखणाऱ्या एका आजोबांना मी स्कूटीवर मागं घेतलं. "हळू हं पोरी," ते सारखे म्हणत होते, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "जरा जोरात घे, ते आपल्या पुढं चाललेत."

घराजवळ आलो तर आगटीतून धूर निघत होता. दिरांनी राख बाजूला करून शेणी नव्यानं रचल्या होत्या. नवरा कणसांचा भारा घेऊन पळत येत होता. आणि बरोबर त्याच वेळी मामा माळावरून कळप घेऊन उतरत होते. त्यांनी गर्दी बघितली, क्षणभर थांबले, मग जिभेनं टाळूवर एक आवाज काढला. सगळा कळप माणसांच्या मधून पाण्यासारखा वाहत गेला. लोक जागच्या जागी उभे, हात पसरून, आणि दोन्ही बाजूंनी लोकर घासत जातेय. कुणी ओरडत होतं, कुणी हसत होतं. त्या लहान मुलीचे बाबा तर डोळे मिटून उभे होते.

मग जे सुरू झालं ते अंधार पडायला लागेपर्यंत थांबलं नाही. गरम कणसं तळहातावर चोळून हुरडा काढायचा, फुंकून फोलपटं उडवायची, चटणी आणि दह्याबरोबर खायचा. आक्का एकेकाचा हात धरून दाखवत होती, "आसं न्हाई, आसं. जोर लाव की रं गड्या, जेवला न्हाईस व्हय?" कॉलेजातल्या पोरांचे तळवे काळे झाले. मामांनी एक मेंढी धरून तिची थोडी लोकर कातरून दाखवली आणि कुणी काही विचारलं की दोन शब्दांत उत्तर दिलं. त्या सुती साडीतल्या बाई लिंबाखाली बाजेवर बसून कोकराला बाटलीनं पाजत होत्या. मी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "थांबा, पोट भरू दे त्याचं."

कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही मेंढरं घेऊन कुठपर्यंत जात होता?" मी बोलायला लागले. पाठ केलेलं त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मामांनी मला अधूनमधून तुटक सांगितलेल्या गोष्टीच आल्या. घाटातल्या मुक्कामाच्या, घोड्यावर बांधलेल्या बिऱ्हाडाच्या, वाटेत जन्मलेल्या माझ्या नवऱ्याच्या. हळूहळू सगळे गोल करून बसले. मामाही येऊन मागं टेकले. एका ठिकाणी मी गावाचं नाव चुकीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मागून दुरुस्त केलं, आणि मग पुढची गोष्ट त्यांनीच सांगितली. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. नवरा माडग्याची वाटी हातात धरून तसाच उभा होता.

निघताना संयोजक आक्काला म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षी तुमच्यासाठी दोन तास राखून ठेवतो."

"दोन तास?" आक्का म्हणाली. "पुढल्या वर्साला सकाळी पयलं आमच्याकडं या. मग येळ उरला तर बाकीच्यांकडं जावा."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. पण संयोजक हसता हसता मान डोलवत होते, आणि पुढच्या वर्षी खरंच बस सकाळी आधी आमच्याकडं आली.

त्या रविवारी रात्री आम्ही घरचे पाचही जण उरलेला हुरडा खात आगटीभोवती बसलो. मामा म्हणाले, "लय दिसांनी वस्ती भरल्यागत वाटली." आक्कानं काहीतरी उत्तर दिलं, पण आवाजच फुटला नाही. संध्याकाळभर ओरडून तिचा घसा पार बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वस्तीवरच्या बाया काय झालं ते विचारायला आल्या तेव्हाही तिला बोलता येत नव्हतं. म्हणून सगळी हकिगत मीच सांगितली. ती शेजारी बसून शेंगा फोडत होती, आणि मी कुठं कमी सांगतेय असं वाटलं की हात उंच करून दाखवत होती, अजून, अजून मोठं.