वाटेची सोयरीक

“पह्यले चाला, मंग बोला.”

अक्कांच्या अंगणात कोणी काम घेऊन आलं की हे वाक्य त्याच्या वाट्याला यायचंच. मग त्या पदर खोचायच्या, पायात वहाणा सरकवायच्या आणि घरामागच्या डोंगरवाटेला लागायच्या. बोलायचं असेल तर मागोमाग चढायचं. तलाठी चढले, ग्रामसेवक चढले, मी तर किती वेळा चढलो. खिंडीत पोचेपर्यंत निम्म्या लोकांना आपण कशाला आलो होतो तेच आठवत नसे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर मोठमोठ्यांची बोलती बंद होते.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडपासून थोडं आत. मी तिथल्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचो. अक्का लग्नं जमवायच्या, निव्वळ हौस म्हणून. स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण गावातल्या कितीतरी मुली त्यांनी डोंगरापलीकडच्या गावात दिलेल्या. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा आणि गाडी बदलायची कटकट. खिंडीतून आलं तर सकाळी निघालेली लेक दुपारी माहेरी जेवायला. पावसाळा संपला की अक्का कोयता घेऊन वाटेवरची काटेरी झुडपं तोडत सुटायच्या. मुलगी दिली म्हणजे तिची यायची वाटही राखायची, असा त्यांचा हिशेब होता.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात हमरस्त्यावर एका गोऱ्या जोडप्याची मोटार बंद पडली. धुळ्याहून मेकॅनिक येईपर्यंत दोघं शाळेच्या ओट्यावर बसली होती. अक्का त्यांना म्हणाल्या, “चाला.” दोघं निमूट उठली. ती वेल्सची होती, तिकडच्या एका डोंगरवाटेची देखभाल करणाऱ्या मंडळातली. संध्याकाळी उतरली ती लालबुंद आणि खूश. काही महिन्यांनी त्यांच्या मंडळाचं पत्र आलं. आपल्या दोन वाटांची भागीदारी करू या, एकमेकींची खबर ठेवू या, अडीनडीला एकमेकांच्या पाठीशी उभे राहू या, असा मजकूर होता.

मी मराठीत वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, “म्हंजे सोयरीकच शे ना ही.”

“तसंच काहीसं.”

“मंग लिखा त्यासले. मानपान सारखा राही. कोनी कोनापुढे वाकानं नही.”

मी लिहिलं. व्याही या शब्दाला इंग्रजीत जे काही सापडलं तेही घातलं. पुढचं पत्र ‘प्रिय व्याही’ अशीच सुरुवात करून आलं, आणि सोबत एक पत्र्याची पाटी. त्यांच्या वाटेचं नाव त्यांच्या भाषेत. ती आपल्या वाटेच्या तोंडाशी लावावी, अशी विनंती होती. अक्कांनी पाटी घरात नेऊन कणगीमागे ठेवली.

“त्यासनी पाटी आठे लागी, ते आपली तठे लागाले पाहिजे.”

ही बातमी तालुक्याला गेली. एक साहेब मुद्दाम समजूत घालायला आले. परदेशी लोक एवढ्या कौतुकाने काही पाठवतात, आपण अटी घालणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्थात ते सगळं त्यांना खिंडीच्या चढावर, धापा टाकत म्हणावं लागलं. अक्का वळूनही न बघता म्हणाल्या, “साहेब, ही सोयरीक शे, भीक नही.”

धुळ्याच्या पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, ‘लेकींची वाट’. पार्सल गेलं. त्यात अक्कांनी एक नारळ आणि खणही घातला. मग फोटो आला. हिरवागार ओला डोंगर, त्यात आपली मराठी पाटी आणि तिच्याखाली पावसात उभ्या दोन मेंढ्या. मला उगाच भरून आलं. त्याच दिवशी कणगीमागची पाटी बाहेर निघाली. आहेर म्हणून तिकडून लोकरीची एक जाड टोपी आली होती. आपल्या खानदेशात लोकरीची टोपी! अक्कांनी ती कौतुकाने खुंटीला लावली.

नव्वदच्या पुढे एका शेठजींनी खिंडीच्या खांद्यावर खडीची खाण घेतली. वाटेवर तार आली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. शेठजी स्वतः अक्कांकडे आले. “अक्का, वर माझं वजन आहे. बायांसाठी थेट एसटी सुरू करून देतो.”

“पह्यले चाला.”

शेठजी पांढऱ्या बुटांनी निम्मा चढ चढले आणि दगडावर बसून राहिले. कुलूप मात्र काढलं नाही.

त्याच सुमारास वेल्सचं पत्र आलं. तिकडच्या डोंगराला नवा मालक आला होता आणि त्यानेही वाटेचं दार बंद केलं होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी मंडळी दारापर्यंत चालत जाणार होती. अक्का उठून उभ्या राहिल्या. “आपनबी जासूत.” त्याच रविवारी, आपल्या खिंडीतल्या फाटकापर्यंत.

लोक हसले. आपल्याच वाटेला कुलूप, आणि ही बाई निघाली वेल्ससाठी. अक्का म्हणाल्या, “पोरीना सासरले भांडन व्हयनं, ते आपन घर बशी राहतस का?”

त्या रविवारी ऊन नुसतं भाजत होतं. अक्का सर्वांत पुढे, पदरावर लोकरीची टोपी. मागे आम्ही शंभरेक माणसं. पलीकडच्या लेकींना निरोप गेलाच होता. त्या दुसऱ्या बाजूने चढून आल्या, आणि मधल्या फाटकापाशी खाणीचा वॉचमन एकटा सापडला.

“आम्ही तुन्हाकरता नही उनूत, भाऊ,” अक्का त्याला समजावत होत्या. “वेल्सवाला व्याहीसकरता उनूत. दार उघड.”

वॉचमनने दोन्हीकडे पाहिलं आणि कुलूप काढलं. पुढे कितीतरी वर्षं शेठजींनी पुन्हा ते लावायचं धाडस केलं नाही. वेल्सचं दार मात्र उघडलं नाही. अक्कांना हे फार लागलं. मग दर एप्रिलच्या त्या रविवारी त्या टोपी घालून चढत राहिल्या, आणि पलीकडून लेकी येत राहिल्या. मी दरवर्षी व्याह्यांना कळवायचो, यंदाही तुमच्यासाठी चढलो.

एका मार्चमध्ये अक्का गेल्या. चार दिवसांत फाटकाला नवं कुलूप दिसलं. तोवर थेट एसटीही सुरू झाली होती. मला वाटलं, संपलं. एप्रिलच्या त्या रविवारी मी अक्कांच्या बंद घराच्या ओट्यावर बसून होतो. मन कशातच लागत नव्हतं.

दहाच्या सुमाराला एसटी आली. एकही लेक उतरली नाही.

थोड्या वेळाने वरून आवाज आले. लेकी डोंगरावरून उतरत होत्या, कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात दगड. अक्कांनी जमवलेल्या पहिल्या लग्नातली नवरी, आता सगळ्या लेकींत थोरली, पुढे होती. तिने तुटकं कुलूप माझ्याशेजारी ओट्यावर ठेवलं. शेजारच्या घरून किल्ली आणून दार उघडलं, खुंटीवरची टोपी काढली आणि पदरावर घातली.

“अगं, आताच तर उतरलात,” मी म्हणालो. “आणि वाट तर तुम्ही उघडलीत.”

“आपली उघडी शे,” ती म्हणाली. “चाला, सर. वेल्सनं दार आजून बंद शे.”