रेडिएटरसमोरची उदबत्ती

पापनाशम्‌च्या रेल्वे फाटकापाशी माझ्या मोटरसायकलीने वाफ सोडली, तेव्हा मागच्या टेम्पोवाल्याने तमिळमध्ये विचारलं, "सार, इडल्या झाल्या का?" आजूबाजूचे सगळे हसले. बायको मागच्या सीटवरून उतरली आणि साडी सावरत म्हणाली, "अहो, माझी पोटरी भाजली. ही गाडी आहे की चूल?" मग तिने मागून आलेली बस पकडली. गाडी निवेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो.

आम्ही तिरुक्करुगावूरच्या देवळातून कुंभकोणमला परतत होतो. कापणीचे दिवस होते, अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेला, त्यामुळे सारी वाट मुंगीच्या चालीने. फाटकापाशी थांबल्यावर रेडिएटरचा पंखा घोंघावत होता, तरी काट्याच्या जागी दिसणारा तापमानाचा आकडा एकदाही मागे आला नाही. चढतच गेला. शेवटी लाल दिवा लागला.

मी घरी पोचलो तोवर निकाल लागला होता. अक्का, माझी मोठी बहीण, आमच्याकडेच असते. पूजेअर्चेत तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "आयुधपूजेच्या आत विकून टाक. एकदा पूजा झाली की वर्षभर ती घराबाहेर जाणार नाही, माहीत आहे ना?" आमच्या घरचा नियमच आहे तो: खंडेनवमीच्या या पूजेत पूजलेलं हत्यार, यंत्र, वाहन पुढच्या पूजेपर्यंत विकायचं नाही. मेहुण्याने तर गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं.

"पन्नाशी उलटल्यावर माणसं स्कूटर घेतात," बायको म्हणाली.

"घेऊ देत," मी म्हणालो. "मी विकणार नाही."

ही गाडी मी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून घेतली होती. तेव्हा ऐकलं नव्हतं, आता तर कारणही पटण्यासारखं नव्हतं. गाडी तापते म्हणजे ती का तापते हे शोधायचं. विकल्याने कारण सापडत नाही.

मेकॅनिकने उभ्या उभ्या सांगितलं, "रेडिएटर बदला, सार." काय बघून सांगितलंस, असं विचारलं तर तो रागावला. मी गाडी घरी आणली आणि एकेक गोष्ट तपासली. इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी पुरेसं होतं, कुठे गळत नव्हतं. नळ्या ठीक. पंखा फिरत होता. पाणी फिरतंय, पंखा फिरतोय आणि तरीही उष्णता जात नाही, तर उरतो फक्त वारा.

वारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी देवघरातून एक उदबत्ती आणली. इंजिन तापवलं, पंखा लागला, आणि पेटती उदबत्ती रेडिएटरसमोर धरली. धूर सरळ वर गेला. आत ओढला जायला हवा होता.

"देवाला सोडून इंजिनाला ओवाळतोयस?" ओसरीवरून अक्काने विचारलं.

मी इंजिन बंद केलं. गाडी निवल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकलो. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला हवा. दिसत होती पिवळट भिंत. बोटाने खरवडली. वर भाताचा तूस, त्याखाली धूळ, आणि तळाशी वाळून दगड झालेलं चंदन आणि हळद.

दर आयुधपूजेला अक्का प्रत्येक यंत्राच्या तोंडाला गंध लावते. शिवणयंत्राच्या चाकाला, कपाटाच्या कुलुपाला, वाटणयंत्राच्या कडेला. मोटरसायकलीचा दिवा तिला बारकुडा, वाकडा वाटला. त्याच्या खालचा रुंद, सपाट रेडिएटर हेच गाडीचं तोंड, असं तिने ठरवलं आणि दरवर्षी चार बोटांनी त्यावर जाड पट्टे ओढले. त्या गंधावर रस्त्यावरचा तूस चिकटत गेला.

गाड्या धुणाऱ्या वॉटर सर्व्हिसवाल्याकडे मी गेलो नाही. त्याच्या जोराच्या फवाऱ्याने पट्ट्या वाकतात. घरीच कोमट पाण्याने थर भिजवला, दात घासायच्या मऊ ब्रशने सोडवला आणि इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळीने पाणी सोडलं. अंगणात पिवळा ओघळ वाहिला. वाकलेल्या पट्ट्या नारळाच्या हिराने एकेक करून सरळ केल्या. मेकॅनिकने रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेले दोन मोठे हॉर्न काढून बाजूला लावले. मग एका जुन्या प्लास्टिकच्या पिंपातून दोन पट्ट्या कापून रेडिएटरच्या दोन्ही कडांना बसवल्या, कारण वारा फटीतून निसटून जात होता. त्याला रेडिएटरच्या जाळीतूनच जायला भाग पाडायचं होतं.

पुन्हा उदबत्ती धरली. धूर वाकला आणि सरळ आत गेला.

पूजेच्या आदल्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "चल, त्याच फाटकापाशी."

"बसने येते."

"मागे बस. लाल दिवा लागला तर संध्याकाळी गिऱ्हाईकाला बोलाव."

फाटक बंद होतं. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. मी केलं नाही.

"बंद करा हो, लोक बघतायत."

"बघू देत."

आकडा चढला, पंखा लागला, आकडा उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. रेल्वेगाडी धडधडत गेली, फाटक उघडलं. बस आली तेव्हा बायकोने मान वळवूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का गंधाची वाटी घेऊन अंगणात आली. मी रेडिएटरसमोर उभा राहिलो.

"बाजूला हो."

"इथे नाही, अक्का."

"तोंडाला गंध नको? असलं अशुभ बोलू नये."

"ते तोंड नाही, नाक आहे. इतकी वर्षं तू तिच्या नाकात चंदन भरत आलीस."

बायको दारात फिस्सकन हसली. अक्का नाही.

"माझ्या पूजेने गाडी बंद पडली म्हणतोस?"

सणाच्या दिवशी गोड उत्तर देता आलं असतं.

"हो," मी म्हणालो.

तिने वाटी सावरली. मग मला वळसा घालून पेट्रोलच्या टाकीपाशी गेली. "ही तरी टाकीच आहे ना? की हेही नाकच?" असं म्हणत तिने चार बोटं बुडवून टाकीवर दोन्ही बाजूंनी असे पट्टे ओढले की खालचा रंग दिसेना. वर कुंकू लावलं.

"झाली पूजा. आता वर्षभर ही इथेच. तापली तर मला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

वाटीतलं गंध संपेपर्यंत मी रेडिएटरसमोरून हललो नाही.