न धुतलेले रोल

कॅमेरा माझ्याकडे आला तो मामांकडून. मामांचं सांगलीत हळदीचं दुकान होतं. पाचगणीच्या एका शाळेतला गोरा मास्तर लढाई सुरू झाल्यावर मायदेशी जायला निघाला. त्यानं विकायला काढलेल्या सामानातून मामांनी एक लोखंडी पलंग घेतला आणि पलंगाबरोबर ही काळी पेटी त्यांच्या गळ्यात पडली. पलंग मामींनी ठेवून घेतला. पेटी मामांनी मला दिली. तू चित्रं काढतोस, तुला यातलं कळेल, म्हणाले. मी तेव्हा साताऱ्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

पेटी छातीशी धरायची आणि मान खाली घालून वरच्या छोट्या काचेत बघायचं. त्या काचेत सगळं उलटं दिसे. डावीकडची बैलगाडी उजवीकडे. पण दिसे ते इतकं लहान आणि इतकं नीटनेटकं की रोज पायाखालून जाणारा रस्ताही मला नवा वाटायचा. श्वास धरायचा, बोटानं खटका दाबायचा, मग पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. एका रोलमध्ये आठ फोटो. त्या आठ खटक्यांसाठी मी आठ-आठ दिवस वाट बघायचो. कुठं उभं राहायचं, ऊन कुठून येतंय, माणूस कधी मान वर करील, यात मला तहानभूक आठवत नसे.

आणि खटका दाबला की सगळं संपायचं. सुरुवातीला मी दोन रोल धुवून आणले. फोटो वाईट नव्हते, पण मी जे पाहिलं होतं ते त्यांत नव्हतं. करड्या रंगाचे कागदाचे तुकडे. एकदा बघून मी ते पुस्तकात घातले आणि कुठल्या पुस्तकात तेही विसरलो. त्यानंतर भरलेला रोल कागदात गुंडाळून मी बिस्किटाच्या एका डब्यात टाकू लागलो. लढाईमुळं नवा रोल मिळणं मुश्कील झालं होतं. मिळाला की तो मी कॅमेऱ्यात घालायचो. जुना धुवायला द्यावा असं मनातच येत नसे.

बायकोला हे समजत नव्हतं. ती सांगलीची. तिच्या माहेरी बैठकीत आजोबांचा, वडिलांचा फोटो फ्रेम करून लावलेला. मी तिचे कितीतरी फोटो काढले होते, भाजी निवडताना, केस वाळवताना, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर दमून बसलेली असताना. तिनं त्यातला एकही पाहिला नव्हता. एकदा ती म्हणाली, "अहो, माझाच फोटो मला बघायला मिळू नये का?" मी हसून वेळ मारून नेली. पुढं पुढं मी कॅमेरा काढला की ती उठून आत जायची. मला वाटे, लाजते.

माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे माझा मित्र. आम्ही कृष्णाकाठच्या एकाच गावचे, एकाच शाळेत पाटीवर पाटी घासलेले. मी शिकलो आणि मास्तर झालो, त्यानं घरचा ऊस सांभाळला. अंगानं थोराड, तालमीत कमावलेला. मी सुटीत गावी गेलो की तो विचारायचा, "आनलायस का रं पेटी?" मग नदीत म्हशी धुताना, मोटेवर उभा असताना, जत्रेत फेटा बांधून, तो माझ्यासाठी उभा राहायचा. त्याला शिकवावं लागत नसे. मी मान खाली घालून काचेत बघू लागलो की तो आपोआप माझ्याकडे बघून हसायचा आणि खटका वाजेपर्यंत हलायचा नाही. फोटो कुठाय, असं त्यानंही कधी विचारलं नाही. मला वाटायचं, हा एकटा माझ्यासारखाच आहे. याला फोटो काढून घेण्यातच मजा वाटते.

बेचाळीस सालच्या पावसाळ्यात आमच्या भागात गावोगाव माणसं कचेऱ्यांवर चालून जाऊ लागली. मी चळवळीतला माणूस नव्हतो. सरकारमान्य शाळेत नोकरी, बायकोला दिवस गेलेले, मी त्या वाटेला जात नव्हतो. गणपतीच्या सुटीत गावी आलो होतो आणि कॅमेऱ्यात एक रोल होता. त्यातले पहिले तीन फोटो बायकोचे होते, पाच शिल्लक होते. आमच्या शेजारच्या बाजाराच्या गावी मोर्चा जाणार, असं मित्रानं सांगितलं. तो स्वतः जाणार होता. मला ये असं तो म्हणाला नाही. मी गेलो ते त्या पाच खटक्यांसाठी.

कचेरीसमोर एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. मी एका सोडलेल्या बैलगाडीवर चढलो. पावसाची एक सर येऊन गेली होती आणि ढगातून तिरकं ऊन पडलं होतं, ओल्या कौलांवर, टोप्यांवर, घोंगड्यांवर. असं ऊन वर्षातून एखाद्या वेळी मिळतं. मी एक फोटो काढला, दुसरा काढला. मग पोलीस पुढं आले आणि काठ्या चालू झाल्या. माणसं आडवी होत होती, कुणाच्या तरी डोक्यातून रक्त येत होतं. हे सगळं मी काचेत, लहान करून, उलटं करून बघत होतो. त्यातच आणखी दोन खटके दाबले. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल, आणि हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

मित्र कचेरीच्या कौलांवर चढला होता. त्यानं सरकारी निशाण काढून खाली टाकलं आणि आपला झेंडा तिथल्या काठीला बांधायला घेतला. त्याची पाठ माझ्याकडे होती. माझा शेवटचा फोटो उरला होता. मी सगळ्या गोंगाटावरून ओरडलो, "इकडं बघ!"

त्यानं माझा आवाज ओळखला. मान वळवली, मला गाडीवर पाहिलं, आणि नेहमीसारखा हसला. मी खटका दाबला.

त्या दिवशी तो पाठीमागच्या बाजूनं उतरून उसातून निसटला. पोलिसांनी सापडले ते लोक धरून नेले. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आठवड्याभरात तो पुन्हा शेतावर दिसू लागला आणि मी साताऱ्याला परतलो. रोल डब्यात टाकला.

दिवाळीनंतर बायको बाळंतपणासाठी माहेरी निघाली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मुलीचा एक फोटो जवळ असावा असं तिला वाटत होतं. जायच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, माझा फोटो कुठल्या रोलमध्ये आहे. मी शाळेच्या वह्या तपासत होतो. मी रोलवर कधी काही लिहून ठेवत नसे. डब्यातल्याच एखाद्यात असेल, असं मी मान वर न करता सांगितलं. तिनं डब्यातले चारही रोल बरोबर नेले आणि सांगलीच्या एका फोटोग्राफरकडे धुवायला दिले.

तो फोटोग्राफर भला माणूस होता. त्यानं बायकोचे फोटो नीट छापून दिले. पण मोर्चाचा तो शेवटचा फोटो पाहून त्याला राहवलं नाही. त्यानं तो मोठा करून दुकानात आतल्या भिंतीवर लावला. सांगली संस्थानात होती. सातारा जिल्ह्यातली इंग्रजी हद्दीतली कटकट इथं येणार नाही असं त्याला वाटलं असावं. शिवाय फोटो चांगलाच होता. मी काढलेला तेवढा एकच खरोखर चांगला फोटो. दहा-बारा दिवसांनी कुणीतरी तो पाहिला, कुणीतरी कुणाला सांगितलं आणि पोलीस येऊन फोटो आणि निगेटिव्ह घेऊन गेले. रोल कुणी आणून दिला, हे त्याला सांगावं लागलं.

मला शाळेतूनच बोलावून नेलं. फौजदार वयस्कर होता, मराठी बोलणारा, आवाज न चढवणारा. त्यानं टेबलावर फोटो ठेवला. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. खाली गर्दीच्या नुसत्या टोप्या, हललेल्या, पुसट. वर कौलं, त्यावर ते तिरकं ऊन, आणि मधोमध एकच चेहरा लख्ख. एवढ्या लोकांत ओळखू येईल असा तेवढाच.

हा कोण, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. गर्दी होती, मी हौसेखातर फोटो काढला, माणसं बघितली नाहीत. फौजदार फोटो माझ्या बाजूला फिरवून म्हणाला, "मास्तर, मग हा तुमच्याकडं बघून हसतोय कसा?"

मी नाव घेतलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या दोन दिवसांतही नाही. पण त्यांना नावाची गरज नव्हती. मी कुठल्या गावचा हे रजिस्टरात होतं. त्यांचा माणूस गावात गेला, पोलीस पाटलापुढं फोटो धरला, आणि संध्याकाळच्या आत मित्राला उसाच्या फडातून धरून आणलं. मला हेडमास्तरांनी सोडवलं. हा माणूस वेंधळा आहे, याला कॅमेऱ्यापलीकडे काही कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते मला वाचवण्यासाठी बोलले, पण खोटं काहीच बोलले नाहीत. कॅमेरा पोलिसांनी ठेवून घेतला.

मित्राला दीड वर्षाची शिक्षा झाली.

त्या दीड वर्षात माझ्या घरात मुलगी आली, रांगायला लागली, चालायला लागली. बायको फोटोचं नाव काढत नसे. आपण रोल नेले म्हणून हे झालं, हे तिनं मनाला लावून घेतलं होतं. तुझी चूक नाही, असं मी अनेकदा म्हणालो. एकदा ती म्हणाली, "मला माझा फोटो हवा होता. तुम्हाला काय हवं होतं?" तिनं हे पुन्हा कधी विचारलं नाही.

तो सुटून आल्याचं कळल्यावर मी पहिल्याच रविवारी गावी गेलो. वाळला होता, समोरचे दोन दात गेले होते. मला पाहून उठला, माझ्या पाठीवर थाप मारली. घरात चहा झाला, मग आम्ही नदीकडे जाऊन बसलो. मी बोलायला तोंड उघडणार तर तोच म्हणाला, "कोर्टात बघितला म्या फोटू. लय झ्याक आलाय गड्या."

मी म्हणालो, माझ्यामुळं झालं हे. मी हाक मारली नसती तर तुझी पाठच आली असती.

"हाक मारलीस म्हणून बघितलं. त्यात काय?" तो म्हणाला. मग सांगू लागला. आत असताना त्याला माझा राग आला नव्हता. एखाद्या वेळी आलाच तर तो स्वतःला समजावायचा की गड्यानं आपल्या कामासाठी फोटो काढला. कचेरीवर झेंडा लागला ह्याचा पुरावा राहावा, उद्या स्वराज्य आल्यावर पोराबाळांना बघायला मिळावा, म्हणून काढला. फोटो पोलिसांच्या हाती लागला ते नशीब. त्यासाठी दीड वर्ष गेलं तर गेलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दीड वर्ष मनात साठलेलं होतं, आणि त्याच्या त्या चांगुलपणापुढं मला खोटेपणानं गप्प बसवेना. मी त्याला सगळं सांगितलं. रोल मी डब्यात टाकून दिला होता, तो धुवायचा माझा विचारच नव्हता. मला तो फोटो नको होता. मला कुठलाच फोटो नको असतो. त्याचे इतक्या वर्षांचे सगळे फोटो बायकोनं रोल नेईपर्यंत तसेच पडून होते.

त्यानं पाण्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"नको हुता, तर काढलास कशाला?"

मी म्हणालो, काढताना बरं वाटतं.

"बरं वाटतं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. शब्द नीट ऐकू आला की नाही हे तपासून बघावं तसा तो म्हणाला. मग उठला आणि धोतराला लागलेली माती झटकली. "हे मला सांगायला नको हुतंस."

त्यानंतर आमचं भांडण झालं नाही. दिसलो की बोलायचो. पण पुढच्या हिवाळ्यात मी त्याच्या गुऱ्हाळावर गेलो, तेव्हा त्यानं कढईजवळून हाक दिली, "या मास्तर, बसा." लहानपणापासून तो मला अरे-तुरे करायचा. गावातल्या इतर कुणी मास्तर म्हटलं तर मला काही वाटत नसे. त्यानं पाहुण्याला द्यावा तसा केळीच्या पानावर गरम गूळ दिला, साताऱ्यात पाणी कसं आहे, पोरीची तब्येत कशी आहे, विचारलं. फोटोचा विषय निघाला नाही. कॅमेरा मला परत मिळाल्याचं मी त्याला सांगणार होतो, ते सांगितलं नाही.

परतताना मी बांधावरून चालत होतो. गुऱ्हाळाचा धूर उसावर खाली बसला होता आणि त्यातून शेवटचं ऊन येत होतं. वळून पाहिलं तर तो कढईवर वाकून मळी काढत होता, उघडा, वाफेत अर्धा दिसेनासा. मी थांबलो. पाय आपोआप अंतर मोजत होते, आणखी दोन पावलं पुढं, थोडं डावीकडे, त्यानं मान वर केली की. श्वास मी केव्हाच धरला होता.

कॅमेरा बरोबर आणला नव्हता. आणला असता तर मी खटका दाबला असता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. त्याची लाज वाटली. तरी तो मान वर करीपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.