लेसर जोडण्याआधी

पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस, सकाळची वेळ. सेनगावातल्या दुरुस्तीच्या दुकानात हजर: मी, माझे दीर आणि दुकानदार. त्यांचं नाव मला माहीत नाही. सगळे मिस्त्री म्हणतात. काम: सोयाबीनमध्ये शिरणारी रानडुकरं हुसकायला लेसरचा टॉर्च बनवणं.

मिस्त्री समजावताना दर वाक्याला ‘बराबर?’ विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाहीत.

“सेल सरळ जोडला तर लेसर जास्त करंट ओढतो अन् जळतो. मंधी ड्रायव्हर पायजे, करंट धरून ठेवणारा. बराबर?”

“बराबर.”

लेसरऐवजी त्यांनी चाचणीसाठी आधी साधे डायोड लावले आणि करंट ठरवायला मीटर पाहत बारीक स्क्रू फिरवला. मग डायोड काढून ड्रायव्हरच्या दोन्ही टोकांना पेचकसाचं लोखंडी पातं टेकवलं. “याच्या पोटात करंट उरतो, तो असा काढावा लागतो. तसंच जोडलं की नवा लेसर गेला.”

दीर वैतागले. “मिस्त्री, जोडा की आता! डुकरं काय मुहूर्त पाहून राहिलीत?”

मिस्त्री हसले नाहीत. “धुऱ्यापलीकडं कोन राहतं?”

“शेजारी. लेकरंबाळं घेऊन आखाड्यावरच, शेतातल्या घरात, असतात,” मी म्हणाले.

“हा उजेड लेकराच्या डोळ्यात गेला तर डोळा जाईल. त्यांना सांगितलं का?”

“नाही,” मी म्हणाले. धुऱ्याच्या, म्हणजे शेतांमधल्या बांधाच्या, भांडणापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद आहे.

मिस्त्रींनी लेसर डबीत घातला आणि डबी स्वतःच्या खिशात. “उजेड कोन्या बाजूला पाडायचा न्हाई, ते दोन्ही घरं मिळून ठरवा. मंग जोडतो.”

सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या आहेत. ड्रायव्हर तयार आहे. शेजाऱ्यांच्या आखाड्यावर जाणं अजून राहिलं आहे.